सुनेचे पणजोबा फौजेत होते: अमेरिकेतल्या जुन्या नोंदींतून त्यांचा माग कसा काढावा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत १ कोटी ६० लाखांहून जास्त माणसं होती, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या होती साधारण १३ कोटी. त्यामुळे तिथे रुजलेल्या ज्या मराठी घरांत सुना, जावई, व्याही तिथल्याच मातीतले आहेत, त्या घरांतल्या नातवंडांच्या वंशावळीत एका अंगाला फौजी निघण्याची शक्यता खूप आहे. आपल्या बाजूचं मूळ गाव, कुलदैवत, कोण कधी मुंबईला आलं हे सगळं आपण मुलांना हौसेनं सांगतो. पलीकडच्या बाजूचं मात्र 'ते वॉरमध्ये होते' इथेच थांबतं. मुलांचा तोही वारसा आहे, आणि तो शोधणं वाटतं त्यापेक्षा बरंच सोपं आहे, कारण अमेरिकन सरकारनं कागद भरपूर केले आणि त्यातले पुष्कळसे सर्वांना खुले ठेवले.

आधी एक सूत्र पक्कं करून घ्या. या शोधात माणसाच्या नावापेक्षा त्याची तुकडी आणि तारीख महत्त्वाची. एकाच नावाचे शेकडो सैनिक सापडतात. पण 'अमुक रेजिमेंटची के कंपनी, डिसेंबर १९४४' एवढं हाती आलं, की त्या दिवशी ती माणसं कोणत्या गावाजवळ होती, समोर कोण होतं, किती जण परतले, हे शोधता येतं. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टी मिळवण्यासाठी आहे.

घरातले कागद आणि घरातली माणसं

सुरुवात संकेतस्थळांवरून करू नका. आधी व्याह्यांकडे, त्यांच्या आत्या-मावश्यांकडे, घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडे जा. 'युद्धाबद्दल काय सांगायचे?' असं विचारलं, तर 'काहीच बोलायचे नाहीत' हेच उत्तर बहुधा येतं, आणि ते खरंही असतं. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. ट्रेनिंगला कुठे होते? लग्न भरतीच्या आधी झालं की नंतर? परत आले तेव्हा कोणत्या बंदरावर उतरले? फौजेतला कोणता दोस्त पुढे पत्रं पाठवायचा किंवा भेटायला यायचा? गावात माजी सैनिकांची जी संघटना होती, तिथे जायचे का? दोस्ताच्या नावावरूनसुद्धा तुकडी सापडू शकते.

मग माळ्यावरची पेटी. पत्रांमधला मजकूर जपून वाचाच, पण पाकीट फेकू देऊ नका. दुसऱ्या महायुद्धातल्या पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव, लष्करी क्रमांक, कंपनी, रेजिमेंट आणि एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक असतो. पत्रातला गावाचा उल्लेख सेन्सॉरनं कापलेला असला, तरी पत्त्यावरून माग लागतो. पत्त्यात न्यूयॉर्क दिसलं म्हणून युरोप धरून चालू नका. भारत आणि ब्रह्मदेशात असलेल्या अमेरिकन सैनिकांची टपालंही न्यूयॉर्कमार्गेच जात.

लष्करी क्रमांक कुठेही दिसला तरी लगेच उतरवून घ्या. भूदलाच्या साध्या सैनिकाच्या आठ आकडी क्रमांकात पहिला आकडा १ असेल तर तो स्वतःहून भरती झालेला, २ असेल तर नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलातून आलेला, ३ असेल तर सक्तीच्या भरतीतला. दुसरा आकडा बहुधा देशाचा विभाग सांगतो. म्हणजे ३६ नं सुरू होणारा माणूस इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन या पट्ट्यातून भरती झालेला. अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी 'ओ' हे अक्षर असतं.

डिस्चार्जचा कागद वाचायला शिका

फौजेतून सुटताना मिळालेला दाखला म्हणजे डिस्चार्ज. घरात एकच कागद सापडणार असेल, तर तो हा असावा. १९५० पासून त्याला डीडी २१४ म्हणतात. त्याआधी भूदलाच्या साध्या सैनिकाला मिळायचा तो डब्ल्यूडी एजीओ ५३-५५. फौजेतून सुटून आल्यावर पुष्कळ जणांनी तो आपल्या कौंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टकचेरीत नोंदवून ठेवला. त्यामुळे घरी नसेल, तर ज्या कौंटीत ते १९४५-४६ मध्ये राहत होते, तिथल्या नोंदणी कचेरीला आधी विचारा. हे फार थोड्यांना सुचतं.

या कागदाशी थोडा वेळ बसायला हवं. त्यावर जी तुकडी लिहिलेली असते, ती सुटताना ते ज्या तुकडीत होते ती. युद्ध संपल्यावर सैनिकांची घरी जाण्याच्या क्रमानुसार अदलाबदल झाली आणि अनेक जण अनोळखी तुकड्यांबरोबर परतले. त्यामुळे कागदावरच्या डिव्हिजनचा इतिहास वाचून 'आजोबा इथे लढले' असं नातवंडांना सांगण्याआधी परदेशात पोहोचल्याची तारीख आणि लढायांच्या रकान्यातली नावं ताडून पाहा. जुळत नसेल, तर लढले त्या वेळची तुकडी वेगळी होती.

दुसरा घोळ ताऱ्यांचा. 'तीन ब्राँझ स्टार' असं लिहिलेलं दिसलं, की घरात तीन शौर्यपदकांची कथा तयार होते. बहुतेक वेळा ते मोहिमेच्या फितीवर लावायचे छोटे तारे असतात, ज्या मोहिमेत तुकडी होती त्या प्रत्येक मोहिमेसाठी एक. ब्राँझ स्टार नावाचं पदक निराळं. आणि तेसुद्धा १९४७ नंतर, ज्यांच्याकडे लढाऊ पायदळाचा बिल्ला होता अशा सगळ्यांना मागता येऊ लागलं. कथा खोटी ठरवण्यासाठी हे सांगत नाही. लढाऊ पायदळाचा बिल्ला म्हणजे तो माणूस प्रत्यक्ष गोळीबारात उभा होता, आणि माझ्या मते कुठल्याही पदकाहून तो बिल्ला जास्त बोलका आहे.

एएसआर या नावाखाली एक आकडा दिसेल. घरी कोण आधी जाणार, हे ठरवण्यासाठी मे १९४५ मध्ये प्रत्येकाचे गुण मोजले गेले. नोकरीच्या प्रत्येक महिन्याला १, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी १, मोहिमेच्या प्रत्येक ताऱ्याला किंवा पदकाला ५ आणि १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला १२, जास्तीत जास्त तीन मुलांपर्यंत. सुटकेची रेषा होती ८५. समजा, एकाची नोकरी ३४ महिने, परदेशात २२, तारे तीन आणि घरी एक लेकरू. बेरीज होते ८३. दोन गुणांनी हुकलं. युरोपातलं युद्ध संपलेलं, आणि या माणसाला जपानवरच्या स्वारीसाठी पाठवतील की काय ही धास्ती. हाच माणूस जखमी होऊन त्याला पर्पल हार्ट हे पदक मिळालं असतं, तर ८८ झाले असते. कागदावरचा तो आकडा हाताशी असेल, तर घरातल्या तारखांशी ही बेरीज करून बघा. माणूस समोर उभा राहतो.

पेशाचा क्रमांकही पाहा. ७४५ म्हणजे रायफलधारी, ०६० म्हणजे स्वयंपाकी. स्वयंपाकी निघाला म्हणून नाराज होणारी घरं असतात. होऊ नये. स्वयंपाकी, ट्रक चालवणारे, कारकून, रस्ते बांधणारे अशांनीच ती प्रचंड फौज चालवली, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं गेलंय फार कमी. अशा माणसाची नीट जुळवलेली हकीकत जास्त मोलाची.

सेंट लुइसची फाइल, आणि ती जळाली असेल तर

विसाव्या शतकातल्या सैनिकांच्या वैयक्तिक फाइली मिसूरी राज्यात सेंट लुइसला नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. नोकरी सुटून ६२ वर्षं झाली असतील, तर फाइल कोणीही शुल्क भरून मागवू शकतो. ६२ वर्षं झाली नसतील, तर ती मागायचा पूर्ण हक्क खुद्द सैनिकाला किंवा, तो हयात नसेल तर, जवळच्या नातेवाइकाला. इथे नियम नीट वाचा: जवळचे म्हणजे पुनर्विवाह न केलेली पत्नी किंवा पती, आई-वडील, मुलं आणि भावंडं. नातवंडं त्यात येत नाहीत. म्हणून व्हिएतनाममध्ये गेलेल्या आजोबांची फाइल हवी असेल आणि त्यांची मुलगी किंवा बहीण हयात असेल, तर अर्ज तिच्या सहीनं जाऊ द्या. अर्जाचं नाव स्टँडर्ड फॉर्म १८०. तो टपालानं पाठवता येतो, किंवा नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावरून मागणी नोंदवता येते.

आता आगीबद्दल. १२ जुलै १९७३ रोजी या केंद्राच्या वरच्या मजल्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली त्यात होत्या, आणि हवाई दलाच्याही बऱ्याच. त्यांची नक्कल कुठेच नव्हती. नौदल आणि मरीन कोअरच्या फाइली मात्र वाचल्या. म्हणून आधी दल कोणतं ते ठरवा. आजोबा नौदलात असतील, तर तुमचं निम्मं काम झालं.

'फाइल आगीत नष्ट' असं उत्तर आलं, की बहुतेक लोक इथे सोडून देतात. सोडू नका. काही फाइली पाण्यानं भिजलेल्या, कडा करपलेल्या अवस्थेत वाचल्या आहेत आणि त्यांच्या प्रती मिळतात. शिवाय केंद्र शेवटच्या पगाराच्या पावतीसारख्या इतर कागदांवरून नोकरीचा दाखला नव्यानं तयार करतं. तुमच्या बाजूनं एवढं करा:

नॅशनल आर्काइव्हजच्या एएडी या मोफत डेटाबेसमध्ये १९३८ ते १९४६ मधल्या सुमारे ९० लाख भूदल-भरतीच्या नोंदी आहेत. जन्मवर्ष, कौंटी, शिक्षण, भरतीआधीचा धंदा आणि लष्करी क्रमांक एका ओळीत मिळतो. या नोंदी भोकं पाडलेल्या जुन्या पंचकार्डांवरून यंत्रानं वाचलेल्या असल्यानं आडनावाची स्पेलिंग अनेकदा चुकलेली असते. तेव्हा स्पेलिंग बदलत राहा, किंवा नावाऐवजी क्रमांकानं शोधा.

मग मॉर्निंग रिपोर्ट. प्रत्येक कंपनीचा कारकून रोज एक पत्रक भरायचा: आज कोण आलं, कोण इस्पितळात गेलं, कोण जखमी, कोण मृत, कोण बढतीवर, आणि कंपनीचा मुक्काम कुठे. ज्या दिवशी काही बदल झाला नाही, त्या दिवशी तुमच्या माणसाचं नाव त्यात येणार नाही, पण त्याच्या कंपनीचा मुक्काम तर कळतो. हे रिपोर्टही सेंट लुइसच्या ताब्यात आहेत आणि त्यांतले काही आता ऑनलाइन पाहता येतात. कंपनीचं अक्षर बरोबर वाचा. पायदळात जे कंपनी नसते, कारण हस्ताक्षरात आय आणि जे यांत गोंधळ व्हायचा. तुम्हाला 'जे' दिसत असेल तर तो बहुधा आय आहे.

नौदलवाल्यांसाठी जहाजांचे हजेरीपट आणि डायऱ्या आहेत. युद्धात मृत्यू झाला असेल, तर मृताची स्वतंत्र फाइल असते. तीत दफन कुठे झालं, सामान कोणाला पाठवलं, घरच्यांची पत्रं असं सगळं असतं. ती वाचायला मन घट्ट करून बसावं लागतं.

वंशावळ शोधायच्या संकेतस्थळांपैकी फॅमिलीसर्च मोफत आहे. फोल्ड३ आणि अँसेस्ट्री पैसे घेतात, पण अनेक गावांच्या सार्वजनिक वाचनालयांत ती फुकट वापरता येतात. आधी वाचनालयात जा.

तुकडी मिळाली की जागा शोधा

तुकडीचे लढाईनंतरचे अहवाल मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. लष्करानं छापलेले अधिकृत इतिहास संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. नकाशा शेजारी घेऊन तारखेप्रमाणे वाचत गेलात, की माणूस कुठे होता ते दिसू लागतं.

काही घरांत ती जागा आपल्या ओळखीची निघते. जुन्या गणवेशाच्या बाहीवर ढालीच्या आकाराचा बिल्ला असेल, खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताचा तारा, तर तो माणूस चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर होता. अल्बममध्ये कराची, कलकत्ता, मुंबईचे फोटो असतील तर ते नीट पाहा. 'मेरिल्स मरॉडर्स' म्हणून गाजलेली ५३०७ वी तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात उतरली, आणि तिथून नाशिकजवळच्या देवळाली छावणीत गेली. पुढे मध्य भारतात देवगढजवळ जंगलयुद्धाचा सराव झाला, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये ही माणसं ब्रह्मदेशात पायी शिरली. १७ मे रोजी त्यांनी मिचिनाचा विमानतळ घेतला. ऑगस्टमध्ये तुकडी मोडली आणि उरलेल्यांतले अनेक ४७५ व्या इन्फन्ट्रीत गेले. म्हणून डिस्चार्जवर फक्त ४७५ दिसलं, तर आधीचं वर्ष तपासा. देवळालीला ज्यांचं आजोळ आहे अशा घरात अमेरिकन पणजोबाही देवळालीतच तंबूत राहून गेलेले असू शकतात. हे मला फार विलक्षण वाटतं.

याच आघाडीकडे निघालेल्यांची एक दुःखद गोष्ट कागदांत हरवते. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ 'रोहना' हे जहाज जर्मन विमानातून सोडलेल्या नियंत्रित बाँबनं बुडालं. १०१५ अमेरिकन सैनिक गेले. ते सुएझमार्गे भारताकडे येत होते, आणि जहाजावर भारतीय खलाशीही होते. शस्त्र नवं असल्यानं ही बातमी दाबली गेली, आणि घरच्यांना बरीच वर्षं नीट काही कळलं नाही. त्यामुळे एखाद्या घरी 'उत्तर आफ्रिकेत बेपत्ता' एवढंच माहीत असेल आणि तारीख नोव्हेंबर १९४३ च्या अखेरची असेल, तर रोहनाची यादी जरूर तपासा. मृतदेह न सापडलेल्या अनेकांची नावं ट्युनिशियात कार्थेजच्या अमेरिकन दफनभूमीतल्या भिंतीवर आहेत.

त्याहून जुनी युद्धं

पहिल्या महायुद्धात सक्तीच्या भरतीसाठी १९१७-१८ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख पुरुषांची कार्डं भरली गेली. कार्ड सापडलं म्हणजे माणूस फौजेत गेला असं नाही, नवख्यांची इथे हमखास फसगत होते. पण सही, पत्ता, मालक, डोळ्यांचा रंग या कार्डावर मिळतो. परदेशी नागरिकांनाही नोंदणी करावी लागे, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतमजुरांची कार्डंही यात आहेत. भगतसिंग थिंड १९१८ मध्ये अमेरिकन फौजेत भरती झाले, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइसमध्ये राहिले आणि सन्मानानं सुटले. तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना 'गोरे' मानायला नकार देऊन नागरिकत्व नाकारलं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी पुढे कायदा झाला तेव्हा, १९३६ मध्ये, ते नागरिक झाले. भारतीय घरांनी अमेरिकन फौजी नोंदी का पाहाव्यात याला हे एक उदाहरण पुरे आहे.

यादवी युद्ध, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधलं १८६१ ते १८६५ चं युद्ध, इथे मात्र खरा खजिना आहे आणि तो पेन्शनच्या फायलींत आहे. नोकरीच्या नोंदीत हजेरी आणि आजारपण एवढंच असतं. पेन्शन मिळवायला मात्र जखम सिद्ध करावी लागे, विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. दाखले नसायचे, म्हणून शेजारी, सुईणी, फौजेतले सोबती जबान्या देत. बायबलमधली फाडलेली पानं, प्रेमपत्रं फाइलला जोडलेली सापडतात. उत्तरेच्या फौजेत १ लाख ७९ हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय सैनिक होते, त्यांतले कित्येक गुलामीतून सुटलेले. १८७० च्या आधीच्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत, म्हणून अशा घराण्यांना आपले पूर्वज पहिल्यांदा नावानिशी भेटतात ते बहुतेकदा या जबान्यांत. व्याही आफ्रिकन-अमेरिकन असतील तर शोधाची सुरुवात इथूनच करा.

या फाइली वॉशिंग्टनला नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. मागवताना निवडक पानांचा संच स्वस्त पडतो, पण पूर्ण फाइलच मागवा, कारण जबान्या त्या निवडीत येतीलच असं नाही. दक्षिणेच्या फौजेतल्यांना केंद्र सरकारनं पेन्शन दिली नाही, ती त्या त्या राज्यांनी दिली. म्हणून म्हातारपणी ते ज्या राज्यात राहत होते, तिथल्या अभिलेखागारात पाहा. नावांपुरतं आधी तपासायचं, तर नॅशनल पार्क सर्व्हिसचा सैनिक-खलाशांचा डेटाबेस मोफत आहे. हे सगळं किती जवळचं आहे ते बघा: या युद्धातल्या एका सैनिकाच्या मुलीला, आयरीन ट्रिपलेट यांना, दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन २०२० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत मिळत होती.

जनगणनाही हाताशी ठेवा. १९१० मध्ये यादवी युद्धातल्या सहभागाबद्दल विचारलं होतं, १९३० मध्ये कोणत्या युद्धात होता तेही. १८९० ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, पण त्या वर्षीची माजी सैनिकांची वेगळी यादी अर्धीअधिक राज्यांची शिल्लक आहे.

जे आवडणार नाही तेही सापडेल

पळून गेल्याची नोंद, लष्करी कोर्टाची शिक्षा, दक्षिणेच्या बाजूनं लढलेला गुलामांचा मालक, किंवा दुसऱ्या महायुद्धातला निळा डिस्चार्ज, म्हणजे ना सन्मानाचा ना बेअब्रूचा असा सुटकेचा दाखला, जो कृष्णवर्णीय आणि समलिंगी सैनिकांच्या माथी फार सहज मारला गेला. अशी गोष्ट सापडली, की ती आधी व्याह्यांना एकांतात सांगा. त्यांच्या घरची गोष्ट आहे, कोणाला आणि कधी सांगायची ते त्यांनी ठरवावं. पण कागद लपवू किंवा फेकू नका.

जमवलेलं कसं जपावं

एक वही करा. डाव्या बाजूला तारीख, मध्ये जागा आणि तुकडी, उजवीकडे ती माहिती कोणत्या कागदातून आली. घरात ऐकलेली गोष्ट वेगळ्या रंगात लिहा आणि पुरावा मिळाला की रंग बदला. कागद लॅमिनेट करू नका. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नाही. चिकटपट्टी कुठेच नको. स्कॅन करून प्रती दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवा.

माजी सैनिक हयात असेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट त्यांची मुलाखत कायमची जतन करतो. काँग्रेसनं तो २००० मध्ये सुरू केला. मुलाखत किमान ३० मिनिटांची आणि काटछाट न केलेली लागते, आणि ती घरच्या कोणीही घेतली तरी चालते. कॉलेजात जाणाऱ्या नातवानं मोबाइलवर घेतलेलीही चालेल. फॉर्म आधी डाउनलोड करून सैनिकाची सही घेऊन ठेवा, कारण ती नसेल तर रेकॉर्डिंग स्वीकारलं जात नाही.